‘जुना लेथ म्हणजे भंगार’: त्या मेसेजला एका लेथवाल्याचं उत्तर

धुळे-जळगावच्या वर्कशॉपवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या लेथबद्दल, म्हणजे धातू फिरवत कातणाऱ्या मशीनबद्दल, एक मेसेज फिरतोय. माझ्याकडे तो चार ग्रुपांतून आला आणि पाचव्यांदा माझ्या भाच्याने पाठवला, खाली हसणारा चेहरा टाकून. मेसेज असा: “जुन्या लेथच्या नादी लागू नका. कंपन्या बंद झाल्या, पार्ट मिळत नाहीत. बेड घासला की मशीन संपली. इंची मशीनवर एमएमचे आटे पडत नाहीत. बुशवाल्या स्पिंडलचा जमाना गेला. किलोवर विका आणि नवीन घ्या.”

लेथ न पाहिलेल्यांसाठी: एका टोकाला हेडस्टॉक, त्यात स्पिंडल म्हणजे फिरणारा दांडा, त्यावर जॉब (कातायचा तुकडा) धरणारा चक; दुसऱ्या टोकाला जॉबला टेकू देणारा टेलस्टॉक; आणि खाली बेड, म्हणजे लांब रूळ, ज्यावर टूल घेऊन सॅडल सरकते. अमळनेरात माझ्या शेडमध्ये दोन लेथ आहेत. एक हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करचा. दुसरा इंग्लिश, गिरणीच्या वर्कशॉपमधून लिलावात निघालेला. त्याची नेमप्लेट माझ्याकडे येण्याआधीच कुणीतरी काढून नेली होती. कामं आपल्या भागातली नेहमीचीच: डाळ मिलचे शाफ्ट, जिनिंगचे रोलर, मळणी यंत्राच्या पुल्या, पंपाचे बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो त्या नळ्या. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांतला मी नाही, सोनं घ्यायचं तर जळगाव जवळ आहे. पण या मेसेजमधलं एकेक वाक्य दोन्ही मशीनवर ताडून पाहिलं तर बहुतेक वाक्यं टिकत नाहीत. एक टिकतं, तेही सांगतो.

“कंपन्या बंद झाल्या, पार्ट मिळत नाहीत.” पहिला भाग खरा. म्हैसूर किर्लोस्कर १९४१ साली हरिहरला सुरू झाली, देशभर लेथ दिले आणि शेवटी बंद पडली. पण पार्ट म्हणजे नेमकं काय, हे मेसेजवाल्याने कागदावर लिहून पाहिलंय का? व्ही बेल्ट ए किंवा बी सेक्शनचा, तो कुठल्याही तालुक्याला मिळतो. बॉल बेअरिंगवर नंबर असतो. ६२०५ म्हटलं की आतून २५, बाहेरून ५२, जाडी १५ मिलिमीटर. मशीन कुठल्या देशाची हे दुकानदार विचारतच नाही. टेलस्टॉकचं सेंटर, ड्रिल चक, स्लीव्ह हे सगळं मोर्स टेपरवर, म्हणजे ठरलेल्या मापाच्या निमुळत्या दांड्यावर, बसतं, आणि तो टेपर एकोणिसाव्या शतकापासून तोच आहे. चक बदलायचा तर जुनी बॅकप्लेट, म्हणजे चक स्पिंडलला जोडणारी थाळी, ठेवायची, नाहीतर बिडाची नवी प्लेट स्पिंडलच्या आट्यांना आपणच करायची. उरतात बुश, नट, गिब (सरकत्या भागांतली फट भरणारी पट्टी), स्क्रू आणि गियर. या वस्तू कंपनीतही कुणीतरी मशीनवरच काढल्या होत्या. गनमेटलची पोकळ कांडी किलोवर मिळते, क्रॉस स्लाइडचा नट त्यातून एका दिवसात होतो.

अडतं ते मापावर. माझं स्वतःचंच सांगतो. इंग्लिश लेथच्या चेंज गियरपैकी, म्हणजे आट्यांच्या मापाप्रमाणे बदलायच्या गियरांपैकी, ४० दात्यांच्या गियरचे तीन दाते गेले. तुटकं गियर मी एका शहरातल्या गियरवाल्याकडे दिलं आणि म्हणालो, “असंच करून द्या.” आठ दिवसांनी आलं, दिसायला सुरेख. लावलं, मशीन सुरू केली, तर दळणाच्या चक्कीत खडे पडल्यासारखा आवाज. दोन दिवसांनी शेजारच्या जुन्या गियरचे दातेही चमकायला लागले, म्हणजे घासायला लागले.

मग जे आधी करायचं ते नंतर केलं. जुन्या गियरवर व्हर्नियर लावला: बाहेरचा व्यास ५३.३ मिलिमीटर, म्हणजे २.१ इंच. दात्यांत दोन मिळवायचे, ४२ झाले. ४२ भागिले २.१ म्हणजे २०. हे गियर २० डीपीचं, म्हणजे व्यासाच्या एका इंचामागे २० दाते. मिलिमीटरच्या भाषेत २५.४ भागिले २०, म्हणजे १.२७ मॉड्यूल (एका दात्यामागे व्यासाचे मिलिमीटर). गियरवाल्याने जवळचा १.२५ मॉड्यूलचा कटर लावला होता. फरक दीड टक्क्याचा, डोळ्याला दिसत नाही, दाताला दाताशी कळतो. शिवाय जुन्या इंग्लिश गियरांत दाताचा प्रेशर अँगल, म्हणजे दाताच्या बाजूचा उतार, बरेचदा साडेचौदा अंश असतो आणि आजचे कटर २० अंशांचे. नापास होण्याचे दोन विषय एकाच पेपरात. चूक त्याची निम्मी, माझी पूर्ण, कारण माप माझ्याकडे असायला हवं होतं.

पुढे मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटला जुन्या टूलच्या दुकानात २० डीपीचा, साडेचौदा अंशांचा कटर मिळाला. तिथेही फसायची जागा आहे. डीपीच्या कटरमध्ये ३५ ते ५४ दात्यांसाठी ३ नंबर लागतो. मॉड्यूलच्या कटरचे नंबर उलट्या बाजूने चालतात, तिथे त्याच दात्यांना ६ नंबर. चिठ्ठीवर नुसतं “तीन नंबर कटर” लिहून पोराला पाठवलं तर परत पाठवावं लागतं. आणखी एक: चेंज गियर क्वाड्रंट नावाच्या सरकत्या कंसावर बसतात, सेंटरचं अंतर आपल्या हातात असतं. त्यामुळे तिथे एकमेकांत फिरणारे सगळेच गियर १.२५ मॉड्यूलचे करून घेतले तरी काम चालतं. हेडस्टॉकच्या आत मात्र सेंटर पक्की असतात, तिथे ही मोकळीक नाही.

“बेड घासला की मशीन संपली.” यावर जरा थांबतो, कारण चांगले टर्नरसुद्धा हे वाक्य मान डोलावत वाचतात.

बेड चकाजवळ जास्त घासतो, कारण सॅडलचा सगळा जन्म तिथे जातो. शेपटाकडचा भाग कोरा राहतो. सॅडलची गिब चकाजवळ बेताची आवळा आणि टेलस्टॉककडे न्या; सॅडल जड होऊन अडकली, तर घास आहे. पण घास कुठल्या दिशेला आहे हा खरा प्रश्न. समजा ५० मिलिमीटर व्यासाचा शाफ्ट लावलाय आणि घासामुळे टूल ०.१ मिलिमीटर खाली बसलं. त्रिज्येत किती फरक पडेल? खाली गेल्याचा वर्ग भागिले त्रिज्येची दुप्पट: ०.०१ भागिले ५०, म्हणजे ०.०००२ मिलिमीटर. मोजायला आपल्याकडे काही नाही. तेच टूल ०.१ मिलिमीटर आडवं, आपल्याकडे सरकलं तर व्यासात ०.२ मिलिमीटर फरक पडतो. म्हणजे सपाट बेडावर नुसता खाली गेलेला घास दिसतो भयंकर आणि करतो थोडं. व्ही आकाराच्या रुळांच्या बेडावर तितकं सुटत नाही. पुढचा व्ही घासला की सॅडल आपल्याकडे कलते आणि टूलचं टोक बाहेर येतं.

दुसरं म्हणजे खानदेशात “बेड गेला” म्हणून विकलेल्या कित्येक मशीनचा बेड गेलेला नसतो, पिळलेला असतो. आपली जमीन काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. शेडचा कोबा तिच्याबरोबर वरखाली होतो, लेथचा एक पाय हलतो आणि बेडाला पीळ बसतो. माझ्या किर्लोस्करवर जुलैत जॉब टेपर यायला लागला. भाचा आयटीआय करून आलेला, लगेच म्हणाला, “मामा, बेड खलास.” त्याला ४० मिलिमीटरची सळई चकात धरायला लावली, १५० मिलिमीटर बाहेर, टेलस्टॉक न लावता. मध्ये सळई बारीक करून दोन्ही टोकांना दोन कॉलर ठेवले आणि एकाच सेटिंगवर दोन्हींवर हलका कट मारला. बाहेरचा कॉलर ०.०४ मिलिमीटरने मोठा निघाला. मग टेलस्टॉककडच्या, आपल्या बाजूच्या पायाखाली पत्र्याची पातळ शिम घातली. पुन्हा कट, पुन्हा मायक्रोमीटर. तिसऱ्या खेपेला फरक ०.०१ वर आला. बेडाला हात न लावता, डब्याच्या पत्र्याने. पोरगं काही बोललं नाही, पण तो मेसेज त्याने ग्रुपवरून काढून टाकला.

आणि मे महिना हाही बेडाइतकाच गुन्हेगार आहे. पारा ४५ ला गेला की शेडमधला शाफ्ट कट मारून आणखी तापतो. पोलाद एका अंशाला मीटरमागे साडेअकरा मायक्रॉनच्या आसपास वाढतं. ५० मिलिमीटरचा शाफ्ट २० अंशांनी जास्त गरम असताना मापला तर व्यास ११ मायक्रॉन मोठा दिसतो. बेअरिंग सीटला के६ फिट (बेअरिंग शाफ्टवर नीट बसण्यासाठी ठरलेली सूट) हवा असेल तर सगळी सूट १६ मायक्रॉनची. दुपारी बरोबर आलेलं माप संध्याकाळी सैल निघतं आणि शिव्या मशीनला बसतात. मी शेवटचा कट सकाळी मारतो, नाहीतर जॉबवर ओलं फडकं टाकून चहा पिऊन येतो.

खरोखर घासलेला बेड असतोच. तो ग्राइंडिंगला न्यायचा तर वाहतुकीसकट खर्च मशीनच्या किमतीला भिडतो, तेव्हा हिशेब करा. पण फूटभर लांबीचे रिपेअरिंगचे जॉब करणाऱ्याने आधी पाय तपासावेत.

“इंची मशीनवर एमएमचे आटे पडत नाहीत.” पडतात. एक इंच म्हणजे नेमके २५.४ मिलिमीटर, म्हणून १२७ दात्यांचं गियर मध्ये घातलं की हिशेब तंतोतंत जुळतो. १२७ ही मूळ संख्या, तिला भाग जात नाही, म्हणून छोट्या गियरांतून ती तंतोतंत बनवता येत नाही. आणि २० डीपीत ते गियर १६३.८ मिलिमीटरचं होतं, बऱ्याच लेथच्या झाकणात मावत नाही. मग ६३ दात्यांचं वापरायचं. १०० ला १२७ ऐवजी ६३ ला ८० धरलं तर चूक ०.०१२५ टक्के. १०० मिलिमीटर आट्यांवर सव्वाशतांश मिलिमीटर. मळणी यंत्राच्या बोल्टला ते कळणार नाही, मोटारपंपालाही नाही.

सांभाळायचं एवढंच की इंची लीड स्क्रूवर (सॅडल ओढणाऱ्या लांब स्क्रूवर) एमएमचे आटे पाडताना हाफ नट, म्हणजे सॅडलला त्या स्क्रूशी जोडणारा नट, मध्येच उघडायचा नाही. नट पुन्हा कधी जोडायचा ते दाखवणाऱ्या थ्रेड डायलचा इथे उपयोग नाही. टूल मागे घ्यायचं आणि मशीन उलटी फिरवून परत यायचं. आणि ज्याचा चक स्पिंडलवर आट्यांनी बसतो त्याने मशीन पूर्ण थांबल्यावरच, हळू उलटी घ्यावी. फिरत्या मशीनला झटक्यात रिव्हर्स दिलं तर चक सुटून पायावर येतो. जुन्या लेथची भीती घालायचीच असेल तर ही घाला, ही खरी आहे.

“बुशवाल्या स्पिंडलचा जमाना गेला.” कुणाचा गेला? हायस्पीड स्टीलच्या टूलने माइल्ड स्टीलवर मिनिटाला २७ मीटरचा वेग धरला तर ५० मिलिमीटरच्या शाफ्टला १७० च्या आसपास फेरे लागतात. बुश ते हसत देतो. कार्बाइड टिपेला त्याच शाफ्टवर ७५० वगैरे लागतील, तिथे तो तापेल. टिप लावून फिनिश येत नाही म्हणून मशीनला नावं ठेवणाऱ्यांनी आधी ग्राइंडरवर टूल लावायला शिकावं. बुशला तेल पातळ आणि स्वच्छ लागतं. ‘जास्त ताकदीचं’ म्हणून डब्यातलं ईपी (जास्त दाबासाठीचं) गियर ऑइल ओतू नका. त्यातलं गंधक पितळ-गनमेटल खातं.

आता टिकणारी गोष्ट. रोज एकसारखे पाचशे नग काढायचे असतील तर सीएनसीच घ्या, वाद नाही. हेडस्टॉकच्या बिडाला तडा असेल तरी हात लावू नका. आणि मशीनबरोबर चेंज गियर नसतील तर भाव निम्मा धरा. “किलोवर विका” या सल्ल्याने सर्वांत आधी चेंज गियरच जातात. लेथ जड, तो भंगारवाल्याच्या अंगणात वर्षभर पडून राहतो. गियर पोत्यात घालून कुणीही उचलतो.

माझ्या ओळखीच्या एकाने हा मेसेज वाचूनच लेथ विकला. मी गेलो तोवर बेडावर बकरी बसली होती. भंगारवाला म्हणाला, “हाई लोखंड शे भाऊ, दूध नही शे नासाले. निवांत देखा.” गियरचं पोतं आधीच दुसऱ्या गावी गेलेलं. दोन दिवस फिरून ते शोधलं, तर बारापैकी पाच गियर उरलेली. त्यात एक ६३ दात्यांचं होतं. दाते दोनदा मोजले, व्हर्नियर लावला, २० डीपीच निघालं. किलोच्या भावात घेतलं.