डबीले लू लागली

आमच्या घरात कोणतीही वस्तू यायची असेल तर तिला आधी एका प्रश्नाला सामोरं जावं लागतं: ठेवणार कुठं? ती काय आहे, कशासाठी आहे, कितीची आहे, हे पुढचं. या प्रश्नाचा जन्म दिवाणाखालच्या कीबोर्डपासून झाला. एकसष्ट पट्ट्यांचा तो कीबोर्ड मी मोठ्या हौसेनं आणला होता. गेली काही वर्षं त्याच्यावर पाहुण्यांच्या गाद्या निवांत झोपतात, आणि पाहुणे आले की मीही कधीकधी त्याला पाहून घेतो.

म्हणून या वेळी मी शहाणपणानं लहान वस्तू निवडली. कोर्ग या जपानी कंपनीचा ‘व्होल्का कीज’ नावाचा सिंथेसायझर, म्हणजे विजेतून आवाज घडवणारं वाद्य. २०१३ साली त्यांनी अशी तीन भावंडं एकदम बाजारात आणली होती. एक खर्जात घुमणारं, एक ठेका धरणारं आणि एक हे, सूर लावणारं. आकार जुन्या व्हिडिओ कॅसेटएवढा, सेल सोडून वजन चारशे ग्रॅमच्या आत. बायकोनं विचारलं, “ठेवणार कुठं?” आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे उत्तर होतं. “टीव्हीच्या बाजूला, दही लावायचं पातेलं ठेवतो तेवढ्या जागेत.”

ती गप्प झाली. किंमत विचारायची राहून गेली, आणि मीही आठवण करून दिली नाही.

नागपुरात पट्ट्या असलेल्या प्रत्येक विजेच्या वाद्याला ‘कॅसिओ’ म्हणतात. त्यामुळे पहिल्याच रविवारी बँकेतला मित्र आला आणि म्हणाला, “अबे, एवढासा कॅसिओ? याच्यात आवाज किती आहेत?”

“एकही नाही,” मी म्हणालो.

हे खरं आहे, पण असं सांगायचं नसतं. तयार बासरी, तयार व्हायोलिन असलं यात काही मिळत नाही. शेवटी मी त्याला पोह्यांची भाषा लावली. आत कच्चा सूर काढणारे तीन ऑसिलेटर आहेत, ते म्हणजे नुसते भिजवलेले पोहे. तो सूर गाळून घडवणारा फिल्टर म्हणजे आच. आणि ‘पीक’ नावाचा जो नॉब आहे ना, ती तर्री. बेतानं घातली तर जीव येतो, हात सुटला की शेजारचे लोक पाणी मागतात. मित्रानं ऐकून घेतलं, सगळी तर्री एकदम घातली, आणि समोरच्या फ्लॅटमधलं कुत्रं सोफ्याखाली गेलं ते संध्याकाळी निघालं.

“एवढ्या पैशात मोठा कॅसिओ आला असता,” हा त्याचा निकाल. “वरतून दोनशे ठेके.”

पोरीचा निकाल आणखी सोपा होता. “बाबा, हे सगळं लॅपटॉपवर फुकट मिळतं.” मिळतं, हे मलाही माहीत आहे. पण लॅपटॉपवर मी दिवसभर कर्जाच्या फायली बघतो, त्याच पडद्यावर संध्याकाळी संगीत बघायचं माझ्या जिवावर येतं. इथं प्रत्येक कामाला एक नॉब आहे, धरला की फिरतो. हे सुख तिला कसं सांगणार? ती पिढी काच घासत मोठी झाली.

आता खोट सांगतो. एका वेळी फक्त तीन सूर वाजतात. ट्रिपल सीट स्कूटरसारखं, चौथा चढला की आधीचा एक उतरलाच. पट्ट्या खऱ्या पट्ट्या नाहीतच, एक सपाट स्पर्शपट्टी आहे, सत्तावीस सूर रंगवलेली. खाली काही दबत नाही, त्यामुळे वाजवतोय की पुसतोय तेच बोटाला कळत नाही. माझी बोटं भाकरी-भरितावर पोसलेली. त्यात मे महिन्याचा घाम. ‘सा’वर टेकवलं की कोमल ऋषभही चौकशीला येऊन जातो.

पण हे सगळं मी सहन केलं असतं. खरा छळ स्मरणशक्तीचा.

या डबीत आठ कप्पे आहेत. त्यात कोणता सूर कधी वाजवायचा ते राहतं, पण आवाज कसा होता ते राहत नाही. (नॉब वाजता वाजता हलवला तर ती हालचाल नोंदवून ठेवायची सोय आहे, पण तो मूळचा कुठं होता हे तुम्हीच बघायचं.) आमच्या एका मामांसारखं आहे हे. लग्नाच्या पंगतीत कोण कोणाच्या बाजूला बसलं होतं ते त्यांना तीस वर्षांनंतर आठवतं, फक्त लग्न कोणाचं होतं ते आठवत नाही.

एका रात्री दोन तास खपून मी एक आवाज जमवला. अजनी यार्डातून मध्यरात्री मालगाडी हलते ना, दूरवर, तसा. पोटात घुमणारा, कडेला थोडा गंजलेला. आठवा नॉब केसभर डावीकडे, अकरावा अर्ध्यावर. तो जमला तेव्हा घरातले सगळे झोपले होते, त्यामुळे कौतुक मीच केलं. नॉब आहेत तसे ठेवून श्वाससुद्धा जपून घेत उठलो.

सकाळी डबी लावली तर आतून डास बोलला.

“आई, याला हात लावला का?”

“हात काऊन लावीन?” आई म्हणाली. “फडकं लावलं. भल्ली धूळ होती बाप्पा.”

ती रोज सकाळी जुन्या धोतराचं फडकं घेऊन घर पुसते, आणि पुसणं म्हणजे पुसणं. ते फडकं सगळ्या नॉबवरून एका दमात गेलं होतं. मालगाडी कायमची गेली. आईला मी नॉबचं गणित समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “मंग धूळ तशीच ठेवू?”

तेव्हापासून मी प्रत्येक आवाजाचा फोटो काढतो. माझ्या मोबाइलमध्ये या डबीचे १७० फोटो आहेत, सगळे दिसायला सारखे. बायकोच्या वाढदिवसाचे दोन आहेत. हा आकडा तिनंच मोजून मला सांगितला.

विजेचं प्रकरण वेगळंच. अडॅप्टर यात सोबत येत नाही, तो वेगळा घ्यावा लागतो, आणि हे मी वस्तू घरी आल्यावर वाचलं. नऊ व्होल्टचा, मधलं टोक धन असलेला हवा. सीताबर्डीत एका दुकानदारानं मला बारा व्होल्टचा काढून दिला. मी नको म्हणालो. “चल जाएगा सर, थोडा ज़ोर से बजेगा,” तो म्हणाला. मी तसाच परतलो आणि सहा पेन्सिल सेलवर भागवायचं ठरवलं. रविवारची दुपार, बाहेर कावळासुद्धा नाही, आता सेल आणायला कोण जाणार? भिंतीवरच्या घड्याळातला एक काढला, स्वयंपाकघरातल्या घड्याळातला एक, आणि चार आईच्या बीपीच्या यंत्रातले. संध्याकाळी आईचं बीपी बघायला घेतलं तर यंत्र मुकं. बायकोचं मात्र यंत्राशिवायच दिसत होतं.

“पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघेल नं,” ती म्हणाली, “तवा तिच्यासोबत हेही पाठवते. खोकला, खाशी, डबी, घेऊन जा गे मारबत!” (मारबत म्हणजे गावाची पीडा नेणारा पुतळा, तो मिरवत नेऊन गावाबाहेर जाळतात.)

मी तिला चरणजित सिंग यांची गोष्ट सांगून पाहिली. मुंबईचे हे वादक, सिनेमाच्या गाण्यांत वाजवणारे. १९८२ साली त्यांनी रोलँड या जपानी कंपनीची यंत्रं जुळवून दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवले. त्यातली टीबी-३०३ ही अशीच एक लहानशी डबी, सेलवरही चालणारी, बास गिटारवाल्याच्या जागी वाजावी म्हणून काढलेली. ती कोणाला पसंत पडली नाही, कंपनीनं दोन-तीन वर्षांत बंद केली. पुढं परदेशातल्या पोरांनी तीच डबी स्वस्तात उचलून अख्खी नवी नृत्यसंगीताची तऱ्हा उभी केली, आणि मग लोकांना कळलं की इथं एका माणसानं तसलं काहीतरी आधीच करून ठेवलंय.

“आणि त्यांची ती रेकॉर्ड खपली होती का तेव्हा?” बायकोनं विचारलं.

“तेव्हा फारशी नाही.”

“झालं तर मग.”

मग नवतपा लागला. नागपूरकरांना सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगतो. मेच्या शेवटी सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो आणि नऊ दिवस आम्हाला भाजून काढतो. पारा ४५च्या आसपास. माणसं खिशात कांदा ठेवून फिरतात. डबीच्या माहितीपत्रकात शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत लिहिलंय की हिनं ० ते ४० अंश तापमानात काम करावं. ० आमच्याकडे नाही. ४० आमच्याकडे सकाळी अकराला होतं. तिथून संध्याकाळपर्यंत डबी कायद्यानं सुट्टीवर.

मी ऐकलं नाही, दुपारी दोनला लावली. सूर सरकलेला. डबी बिघडलेली नव्हती, तिचा स्वभावच तो. सूर आकड्यांतून न निघता खऱ्या विद्युतमंडलातून निघतो. ट्रान्झिस्टर तापला की त्याची चाल बदलते, चाल बदलली की सूर. १९७० साली आलेल्या मिनीमूग या सिंथेसायझरचे सुरुवातीचे नगही तापमान बदललं की असेच सरकायचे, आणि तो तर या जातीचा आजोबा. स्वतःचा सूर स्वतः लावून घ्यायची सोय आमच्या डबीत आहे, तीही केली. पण मी तिला कूलरसमोर ठेवलं होतं. कूलर दहा मिनिटं गार हवा देतो, मग खालचं पाणी संपतं, मग गरम हवा देतो. दर खेपेला डबी वेगळीच.

“डबीले लू लागली,” आईनं निदान केलं, आणि बाजूला एक कांदा ठेवून गेली. तो मी अजून हलवलेला नाही. आमच्याकडे आईनं ठेवलेला कांदा हलवत नाहीत.

याच सुमारास वरच्या मजल्यावरचे काका खाली आले. वय ८१, जन्मभर पेटी शिकवली. डबीकडे त्यांनी चटणीच्या डब्याकडे पाहावं तसं पाहिलं. “आकाशवाणीनं १९४० साली पेटीवर बंदी घातली,” ते म्हणाले, “का, तर मींड निघत नाही, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही, सूर ठोकळेबाज. ती उठली १९७१ साली. माझी उमेदीची वर्षं तीत गेली. आणि तू हे आणलंस?”

मी काही बोललो नाही. ‘पोर्टामेंटो’ नावाचा नॉब अर्ध्यावर नेला, ‘सा’वर बोट ठेवलं, मग ‘प’वर. सूर घसरत, ओलांडत, मधलं काहीही न सोडता गेला.

काका बसले.

“याला मींड येते?”

“येते.”

“पण हे बेसूर आहे.”

“उन्हानं, काका. तापलं की सरकतं. परत लावावं लागतं.”

काकांचा चेहरा असा काही उजळला की मला वाटलं, यांनाही लू लागली. “तंबोऱ्यासारखं!” ते म्हणाले. “अरे, मग हे वाद्य आहे. जे कधीच बेसूर होत नाही ते खेळणं.” मग प्रत्येक नॉबला ‘खुंटी’ म्हणत त्यांनी सगळ्यांची नावं विचारून घेतली.

चार दिवसांनी संध्याकाळी वावटळ उठली, दोन थेंब पडले आणि वीज गेली ती गेलीच. अख्खी इमारत गाद्या, चटया, पाण्याच्या सुरया घेऊन गच्चीवर. काकांनी फर्मावलं, “ती डबी आण.” सेल होतेच, बोलायला तिचा स्वतःचा इवलासा स्पीकर होता. मी डबीच्या सोळा घरांत, म्हणजे सूर ओळीनं बसवायच्या जागांत, प, सा आणि खर्जाचा सा बसवले, चाल अगदी मंद केली आणि हात काढून घेतला. तीन सूर, एकामागून एक, एकमेकांत मिसळत फिरत राहिले.

“चौथा लागतोच कशाला?” काका म्हणाले. मोबाइलच्या उजेडात त्यांनी ‘डिट्यून’ची खुंटी केसभर वळवली. सूर किंचित एकमेकांवर घासू लागले, थरथरले. “जवारी खुलली बघ, तंबोऱ्याच्या तारेची ती झणझण.” मग ते अंधारात हळूहळू बागेश्री गाऊ लागले. आवाज फाटका होता, पण जागेवर जात होता. पोरं मोबाइल खाली ठेवून ऐकत होती. बॅटरी उतरली होती म्हणून असेल. बायको माझ्या बाजूला येऊन बसली आणि म्हणाली, “हा बरा आहे.” डबीबद्दल तिच्या तोंडून निघालेला हा पहिला बरा शब्द. मी तो वाजता वाजताच फोटोत टिपून ठेवला, म्हणजे नॉबचा.

सकाळी सहाला काका दारात. हातात वर्तमानपत्र, अंगात बनियन. “लाव. रात्रीचं.”

मी रात्रीचा फोटो उघडला, एकेक नॉब ताडून पाहिला. सगळे जागच्या जागी. कप्पाही तोच. कांदासुद्धा तिथंच. बटण दाबलं.

काकांनी डोळे मिटले. पुन्हा उघडले. “हे ते नाही.”

मलाही ऐकू आलं. ते नव्हतं. मी वळून आईकडे पाहिलं.

“माह्याकडं काय पाह्यतं?” ती म्हणाली. “आज तं म्या फडकंबी नाही लावलं बाप्पा!”