चिंगीच्या ऑपरेशननंतर घरात आलेला तो मेसेज

परवा संध्याकाळी ऑफिसमधून आले तर काकूंच्या हातात दह्याची वाटी आणि त्यात कुस्करलेली अर्धी गोळी. आमच्या कुत्रीच्या, चिंगीच्या नसबंदीचा तिसरा दिवस, ती कोपऱ्यात गप पडलेली, टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात घातलेला कोन काढून टीपॉयवर ठेवलेला. काकूंचा जीव आहे तिच्यावर, त्यांना दोष देत नाही. पण त्यांना भिशीच्या ग्रुपवर मेसेज आला होता की कोन काढा, कुत्र्याच्या लाळेतच औषध असतं, दुखत असेल तर आपलीच अंगदुखीची गोळी अर्धी द्या, टाक्यांवर हळद-तेल लावा, आणि मुळात एकदा पिल्लं झाल्याशिवाय ऑपरेशन करूच नका, कुत्री जाड आणि सुस्त होते. हाच मेसेज मला दोन दिवसांत आणखी तिघांनी पाठवला, म्हणून लिहितेय.

आधी गोळी, कारण यात जीव जाऊ शकतो. काकूंकडची गोळी आयबुप्रोफेनची, 400 मिलिग्रॅमची. अर्धी म्हणजे 200. चिंगीचं वजन 11 किलो, म्हणजे किलोमागे 18 मिलिग्रॅम. जगभरातले व्हेट, म्हणजे जनावरांचे डॉक्टर, जे वापरतात त्या मर्क व्हेटरिनरी मॅन्युअलमध्ये लिहिलंय की किलोमागे 5 मिलिग्रॅम इतकं आयबुप्रोफेनसुद्धा बरेच दिवस चालू ठेवलं तर कुत्र्याच्या पोटात अल्सर होतो, भोकही पडू शकतं. आपण त्याच्या तिपटीहून जास्त द्यायला निघालो होतो आणि मेसेजमध्ये "रोज सकाळ-संध्याकाळ" असं लिहिलंय! डोस वाढला की किडनीवर जातं. त्यात चिंगीला ऑपरेशनच्या दिवशी व्हेटनी मेलॉक्सिकॅमचं इंजेक्शन दिलेलं आणि घरी त्याचंच सिरप चालू, ते याच जातीचं औषध. एकावर दुसरं दिलं की पोट आणि किडनी दोन्हीवर दुहेरी मार. उलट्या, काळी चिकट शी, खाणं बंद, असं दिसलं तर वाट बघू नका, लगेच व्हेटकडे न्या. आणि घरात मांजर असेल तर पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा तिचा जीव घेऊ शकते, तेही ध्यानात ठेवा. कुत्रं दुखण्याने कण्हत असेल तर व्हेटला फोन करून विचारा, आपल्या औषधांच्या डब्याला हात लावू नका.

आता लाळ. यात थोडं खरं आहे, मान्य. 1990 च्या एका अभ्यासात कुत्र्याची लाळ ई. कोलाय आणि एका प्रकारचा स्ट्रेप्टोकोकस या जंतूंना मारते असं दिसलं होतं. पण त्याच अभ्यासात स्टॅफिलोकोकस या जंतूवर तिचा फारसा परिणाम दिसला नाही, आणि कुत्र्याच्या कातडीवरच्या जखमा चिघळवण्यात तोच पुढे असतो. शिवाय प्रश्न लाळेचा नाहीच, जिभेचा आणि पुढच्या दातांचा आहे. कोन काढून जेमतेम अर्धा तास झाला असेल, तेवढ्यात चिंगीने भादरलेल्या पोटावर चाटून चाटून टाक्याभोवतीची कातडी लालबुंद केली होती आणि एका टाक्याचा दोरा बाहेर ओढलेला. मादीचं ऑपरेशन म्हणजे पोट उघडलेलं असतं, आतला थर सुटला तर आतडी बाहेर येतात. कोन 10 ते 14 दिवस, टाके निघेपर्यंत, झोपतानासुद्धा. भांड्यात तोंड जात नसेल तर पसरट ताटलीत खायला द्या, कोन काढू नका.

हळद-तेल नको. टाके कोरडे राहायला हवेत, तेलावर धूळ बसते, वासाने ती अजून चाटते, आणि पिवळ्या रंगाखाली सूज-लाली कळतच नाही.

एकदा पिल्लं झाली की तब्येत चांगली राहते, याला काहीही आधार नाही. उलट गर्भाशय राहिलं की माजानंतर त्यात पू होण्याचा धोका राहतो, आणि तेव्हा करायचं ऑपरेशन आजारी कुत्रीवर, जीव मुठीत धरून करावं लागतं. मोठ्या जातीच्या कुत्र्याचं फार लवकर केलं तर सांध्यांचा त्रास वाढू शकतो हे मात्र खरं, तेव्हा वय किती असावं ते व्हेटला विचारून ठरवा. जाड होण्याचंही अर्धं खरं आहे, भूक वाढते आणि गरज घटते, मग खाणं मोजून द्या ना, भाकरीचा चतकोर कमी करा.

चिंगीला त्याच रात्री व्हेटकडे नेलं. एक टाका नव्याने घातला. काकू स्वतः तिला मांडीवर धरून बसल्या होत्या, आणि घरी आल्यावर त्यांनी त्याच भिशीच्या ग्रुपवर टाकलं की ती गोळी कुणी देऊ नका.