'घरात मालवणी बोलू नका' ह्या फॉरवर्डला माझं उत्तर

गणपती दोन आठवड्यांवर आले आणि आमच्या फॅमिली ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागला. मला तो तिघांनी वेगवेगळा पाठवला, त्यात माझी सख्खी मावशी, खाली तिचा प्रश्न, "ह्यां खरां काय गो?" मेसेजचं नाव 'पालकांनो, वेळीच सावध व्हा'. आत जे आहे ते थोडक्यात असं: मुलाच्या मेंदूत भाषेसाठी ठरलेली जागा असते, त्यात दोन-तीन भाषा कोंबल्या की मूल गोंधळतं आणि उशिरा बोलतं. जास्त भाषा बोलणाऱ्या मुलांची बुद्धी कमी भरते हे म्हणे संशोधनाने सिद्ध झालंय. मालवणी ही अशुद्ध मराठी, तिने मुलांचं शुद्धलेखन बिघडतं. पाच वर्षांनंतर मेंदूचं दार बंद होतं म्हणून घरात आत्तापासून फक्त इंग्लिश. आणि शेवटी, जणू माझ्यासाठीच लिहिलेलं, 'मातृभाषा मातृभाषा करणाऱ्या भाषातज्ज्ञांना दुसरं काम नसतं'.

मी कुडाळची, आणि गेली बारा वर्षं माझं काम म्हणजे बहुभाषिक मुलं शाळेत कशी शिकतात ते बघणं. म्हणून मावशीला 'खोटां आसा' एवढंच लिहून सोडता आलं असतं पण ते पटलं नसतं कुणाला, म्हणून सगळंच लिहिते.

आधी ते 'संशोधनाने सिद्ध' घेऊ, कारण बाकी सगळा डोलारा त्याच्यावर उभाय. गंमत म्हणजे असं संशोधन खरंच झालं होतं, हवेतलं नाहीये ते. १९२३ साली सेअर नावाच्या माणसाने वेल्समध्ये सुमारे १,४०० शाळकरी मुलं तपासली आणि वेल्श-इंग्लिश दोन्ही बोलणारी मुलं फक्त इंग्लिशवाल्यांपेक्षा बुद्धीच्या चाचणीत मागे आहेत असं लिहिलं. आता त्यातली गोम बघा. हा फरक खेड्यातल्या मुलांत दिसला होता, शहरातल्या मुलांत नाही. म्हणजे नक्की काय मोजलं गेलं, भाषा की खेडं आणि गरिबी? पुढे १९६२ मध्ये माँट्रियलला पील आणि लॅम्बर्ट ह्या दोघांनी दहा वर्षांची मुलं घेतली, पण घरची परिस्थिती साधारण सारखी ठेवून, आणि निकाल उलटा आला, दोन भाषावाली पुढे. त्यातही खोट होती, कारण दोन्ही भाषा बऱ्यापैकी सारख्या येणारीच मुलं त्यांनी निवडली होती, म्हणजे चांगले चांगले आंबे पेटीत वरती लावल्यासारखं. मला स्वतःला सगळ्यात पटतं ते अजित मोहंती ह्यांचं ओडिशातलं काम. कंध आदिवासींमध्ये काही भागात लोक कुई आणि ओडिया दोन्ही बोलतात, काही भागात कुई सुटलीये आणि फक्त ओडिया राहिलीये. जमात तीच, गरिबी तीच, फरक काय तो भाषेचा, आणि दोन भाषा बोलणारी मुलं मागे तर नव्हतीच, उलट बऱ्याच चाचण्यांत पुढे होती.

ह्यावरून लगेच 'जास्त भाषा म्हणजे जास्त हुशार' असा उलटा फॉरवर्ड कुणी बनवू नका हं. तो वाद अजून चालू आहे, काहींना फायदा दिसतो काहींना दिसत नाही. हैदराबादला सुवर्णा अल्लादी ह्यांच्या टीमने डिमेन्शियाच्या (म्हातारपणी स्मृती जाण्याच्या आजाराच्या) ६४८ पेशंटांच्या नोंदी बघितल्या (२०१३ साली छापून आलं), त्यात एकापेक्षा जास्त भाषा बोलणाऱ्यांना तो आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा लागलेला दिसला, शाळेत न गेलेल्यांमध्येसुद्धा. भारी आहे, पण तेवढ्यावर मी कुणाला गॅरंटी देणार नाही. माझं म्हणणं एवढंच की तोटा होतो हे जे सांगतात ते मोजायला चुकलेत.

मोजायला चुकणं म्हणजे काय ते माझ्याच कामातलं सांगते, आणि ह्यात मीच दोषी आहे. सुरुवातीला चित्रं दाखवून शब्द विचारायची एक तयार टेस्ट घेऊन मी एका जिल्हा परिषदेच्या शाळेत गेले. पहिलीतलं चेडू (मुलगी). चित्र कावळ्याचं, ती म्हणाली "कावळो". खिडकीचं चित्र, "जनेल". खारीचं चित्र, "चानी". माझ्या उत्तरपत्रिकेत कावळा, खिडकी, खार, म्हणजे तिन्ही चूक, आणि मी पण मुकाट्याने फुल्या मारत गेले, कारण टेस्टचे नियम म्हणजे नियम. मग आला मासा. चित्रात आपला साधा मासा काढलेला, निळा, पुस्तकात असतो तसा. ती बघतच राहिली आणि मग मलाच विचारलं, "खयचो मासो?" बांगडो काय, पेडवो काय, सौंदाळो काय, तिला ठरवता येईना कारण चित्रातला मासा ह्यातला कुठलाच नव्हता. त्याला शून्य मार्क. घरी येऊन स्कोर काढला तर ती पोरगी 'शब्दसंपत्ती कमी' ह्या खान्यात गेली. जिला माशांची वीसेक नावं येत असतील ती!

ही चूक जगभर झालीये, फक्त माझी नाही. १९९३ मध्ये मायामीला पिअरसन आणि तिच्या सहकाऱ्यांनी स्पॅनिश-इंग्लिश बाळांचे शब्द दोन्ही भाषांत मिळून मोजले तर ती एकभाषिक बाळांच्या बरोबरीला आली. एकाच भाषेत मोजलं की अर्धा डबा झाकून वजन केल्यासारखं होतं. फॉरवर्डमधला तो 'ठरलेल्या जागेचा' डबा तर मुळात नसतोच.

आता गोंधळ. पोर म्हणतं "मम्मी माका वॉटर होया" आणि लगेच आजी-आजोबा घाबरतात की मिसळलं सगळं. पण नीट ऐका ना. "बॉल टेबलार ठेवलंय" म्हणणाऱ्या पोराने 'टेबल' ला 'आर' बरोबर लावलाय, क्रियापद बरोबर, शब्दांचा क्रम बरोबर. गोंधळलेलं मूल असं नेमकं बोलेल का? शब्द इंग्लिश, व्याकरण पक्कं मालवणी, आणि हेच आपण मोठी माणसं ऑफिसात दिवसभर करतो तेव्हा त्याला स्मार्ट म्हणतात. बाळांचे कान तर ह्यापेक्षा तयार असतात. आपला 'त' आणि 'ट' इंग्लिश बोलणाऱ्या मोठ्या माणसाला सहज वेगळे ऐकू येत नाहीत, पण १९८४ मध्ये वर्कर आणि टीज ह्यांनी दाखवलं की इंग्लिश घरातल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतले त-ट वेगळे कळतात, आणि ते ऐकायला मिळालं नाही की वर्षाच्या आसपास ती जाण झडून जाते. बाळाची अडचण जास्त ऐकण्याची नाही.

उशिरा बोलण्याबद्दल मात्र जरा गंभीरपणे. दोन भाषांमुळे बोलणं अडतं ह्याला आधार नाही, पण काही मुलं खरंच अडकतात आणि मग एखादा डॉक्टर किंवा शाळेतल्या बाई 'घरात एकच भाषा ठेवा' सांगून मोकळे होतात. आमच्याच नात्यातल्या एका वैनीला असं सांगितलं, तिने मालवणी बंद केली, मुलगा तरी बोलेना, वर्ष गेलं, मग कळलं की त्याला एका कानाने नीट ऐकूच येत नव्हतं आणि दुसऱ्यातही कमीच. म्हणून सांगते, मूल दीड वर्षाचं होऊनही शब्द नसतील, दोन वर्षांचं होऊनही दोन शब्द जोडत नसेल तर आधी कान तपासा, स्पीच थेरपिस्टला दाखवा, आणि त्यांना घरातल्या सगळ्या भाषा सांगा. खरी अडचण असेल तर ती दोन्ही भाषांत दिसते, एकीत पोपटासारखं बोलतोय आणि दुसरीत गप्प असं असेल तर तो आजार नाही, त्याला ती दुसरी अजून कमी मिळालीये.

मालवणी अशुद्ध, ह्यावर मी फार वेळ घालवणार नाही कारण डोकं तापतं. 'घोडो', 'कावळो' मधला तो 'ओ' आमच्या आज्यांनी बिघडवलेला नाही, महाराष्ट्री प्राकृतात, म्हणजे मराठीच्या जुन्या पूर्वज भाषेत, पुल्लिंगी नामाच्या शेवटी 'ओ'च होता, 'देवो', 'पुत्तो'. पुण्याच्या मराठीने 'आ' घेतला, आपल्याकडे 'ओ' राहिला. डॉ. अ. मा. घाटगे ह्यांनी १९६५ साली मराठी बोलींच्या पाहणीत कुडाळीवर, म्हणजे आपल्याच बोलण्यावर, अख्खा स्वतंत्र ग्रंथ काढला. अशुद्ध गोष्टीचं व्याकरण कोण लिहीत बसेल? (जनगणनेत मालवणी कोंकणीखाली मोजतात, तो वेगळाच दशावतार, त्यात आज शिरत नाही.) शुद्धलेखन बिघडतं ते वाचन नसल्यामुळे.

दार बंद होण्याचं पण असंच. लहानपणी उच्चार चांगले बसतात हे खरं, कोण नाही म्हणतंय. पण १९७८ मध्ये नेदरलँड्सला राहायला आलेल्या इंग्लिश बोलणाऱ्या लोकांवर काम झालं तेव्हा पहिल्या काही महिन्यांत डच भाषा सगळ्यात भरभर उचलली ती बारा ते पंधराच्या पोरांनी, तीन ते पाचची चिल्लीपिल्ली मागे होती. २०१८ मध्ये साडेसहा लाखांहून जास्त लोकांच्या इंग्लिश व्याकरणाच्या उत्तरांवरून हिशोब मांडला गेला तर शिकण्याची ताकद साधारण सतरा वर्षांपर्यंत टिकते असं दिसलं. पाच नाही, सतरा. आणि घरात फक्त इंग्लिश म्हणजे कुणाचं इंग्लिश? "बेटा ईट, बेटा सीट, डोन्ट टच" एवढ्या चार वाक्यांत पोराला गोष्ट कशी सांगणार, वायंगणी (उन्हाळी भाताची) शेती कशी समजावणार, रागावणार कसं, लाड कसे करणार? इंग्लिश शाळेत येईलच, ती चांगल्या शिक्षकाकडून येऊ दे. मावशीच्या गजाली मात्र शाळा देणार नाही.

राहिलं 'दुसरं काम नाही'. माझा झील (मुलगा) सेमी इंग्लिशला आहे, आधीच सांगून टाकते, त्यात लपवायचं काय, मी इंग्लिशच्या विरोधात कधी नव्हतेच. कामाचं म्हणाल तर एमएला मी पुण्याला गेले तेव्हा वाडीतल्या काकांनी विचारलं होतं, "शिकान काय करतलस? किती भाषा येतत तुका?" भाषावैज्ञानिक म्हणजे खूप भाषा बोलणारा असं बहुतेकांना वाटतं, ते तसं नसतं, भाषा कशी चालते ते बघणं हे काम. पुण्याच्या ज्या डेक्कन कॉलेजात भाषावैज्ञानिक अशोक केळकर शिकवायचे (कॉर्नेलहून पीएचडी करून आलेला माणूस, २००२ साली पद्मश्री) तिथे आजही हा विषय आहे, मैसूरला १९६९ पासून केंद्र सरकारची भारतीय भाषा संस्था आहे. नेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) पास होऊन जेआरएफ (संशोधनासाठीची सरकारी शिष्यवृत्ती) मिळाली तर २०२३ पासून दोन वर्षं महिना ३७,००० आणि नंतर ४२,०००. पुढे कायमची प्राध्यापकी मिळेलच असं नाही, जागा थोड्या आहेत, हे पोरांना खोटं सांगू नये. मी स्वतः सहा वर्षं प्रोजेक्ट संपला की घरी, नवा आला की बॅग, असं केलंय. पण पाठ्यपुस्तकं, शब्दकोश, स्पीच थेरपीवाल्यांसाठी चाचण्या, मोबाईलला आपलं बोलणं कळावं म्हणून चाललेली कामं, ह्या सगळ्यात आमची माणसं लागतात.

आणि कोकणात तर काम संपेल असं वाटत नाही. रायगड जिल्ह्यातल्या कोर्लईहून पोर्तुगीज १७४० मध्ये निघून गेले तरी गावातली ख्रिस्ती मंडळी आजही पोर्तुगीजातून तयार झालेली आपली बोली बोलतात आणि बाहेर मराठी, त्या बोलीवर अमेरिकेतला माणूस येऊन पुस्तक लिहून गेला. देवगडकडे हापूसच्या बागेत राखण करणाऱ्या नेपाळी कुटुंबांची पोरं घरी नेपाळी, बागेत मालवणी, शाळेत मराठी आणि टीव्हीवर हिंदी करतात, चिरेखाणीवर कानडी घरं आहेत. ह्यातल्या एका नेपाळी पोराला शाळेने 'भाषा विषयात अप्रगत' लिहिलं होतं. चार भाषा!

तर दुसरं काम नाही हे एका अर्थी खरंच आहे, मला हेच एक काम. सोमवारी वेंगुर्ल्याला चित्रांची नवी टेस्ट घेऊन जायचंय. त्यात चानी चालते, खार पण चालते, जनेल पण बरोबर. माशाचं चित्र काढून टाकलंय आणि त्या जागी बांगडा घातलाय, चित्रकाराकडून तीनदा काढून घेतला, पहिले दोन सुरमईसारखे झाले होते.