मुळं एका पावसाळ्यात कुजत नाहीत

यावल-चोपड्याकडच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘झाड तोडलं की मुळं एका पावसाळ्यात कुजून खत होतात, जमीन आपोआप सुपीक होते.’ हे चुकीचं आहे, आणि सातपुड्याच्या उतारावर असा समज ठेवणं महागात पडेल.

पहिली गोष्ट, साग तोडला म्हणून त्याची मुळं मरतात असं नाही. बुंध्याला पुन्हा धुमारे फुटतात, ते त्याच जिवंत मुळांच्या जोरावर.

मेलेल्या मुळांतही फरक असतो. २ मिलिमीटरपेक्षा बारीक तंतुमुळं काही महिन्यांपासून दोन-चार वर्षांत विरतात. मनगटाएवढ्या मुळाला मात्र कित्येक वर्षं लागतात. त्यात लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारा घटक, भरपूर; नत्र अगदी थोडं. लिग्निन फोडण्याचं मुख्य काम पांढरी कुज आणणाऱ्या बुरशीचं, आणि तिला ओल आणि हवा दोन्ही लागतात. आपल्याकडे पाऊस जून ते सप्टेंबर; पुढे माती वाळली की हे काम जवळजवळ थांबतं. वाळवी तेवढी मदत करते. जुन्या बुंध्याजवळ उकरून बघा: साल मोज्यासारखी सुटून येते, आतलं लाकूड पांढरट, तंतूतंतू झालेलं, आणि मधला गाभा अजून टणक.

शिवाय असं लाकूड कुजवताना सूक्ष्मजीव मातीतलाच नत्र ओढून घेतात, त्यामुळे तिथं पेरलेलं पीक सुरुवातीला पिवळं पडू शकतं. आणि मुळं जसजशी कुजतात तसतशी उताराची पकड सैल होते. तिथं नवी झाडं नसतील तर माती नाल्यात जाते.