आमच्याकडं नाही बाई असलं काही

सकाळी साडेदहाला बिल्डिंगच्या ग्रुपवर मेसेज पडला. "वेड्यांची शिरगणती करायला आलेत, दार उघडू नका." त्याखाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले सतरा चेहरे. मोजलेत मी. एक चेहरा निवृत्त मास्तरांचा. १० ऑक्टोबरला मानसिक आरोग्य दिन आला की हीच मंडळी सकाळी सकाळी "मन जपा" लिहिलेलं गुलाबाचं फूल टाकतात.

मानसिक आरोग्याच्या सर्वेक्षणाला आलेल्या कोण होत्या? वीस-बावीसच्या दोन पोरी. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. लिफ्ट बंद, एप्रिलचं ऊन. आमच्या जिन्यात तीन दारं आतून लागली, चौथं आमचं.

हॉलमध्ये आक्का आणि दादा होते. आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, दादा त्यांचे यजमान. २०१९ च्या ऑगस्टपर्यंत त्यांचं बिऱ्हाड सांगलीच्या गावभागात होतं. कृष्णेला पूर येऊन आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा त्यांचा तळमजला छतापर्यंत बुडाला, दोघं होडीतून निघाली. तेव्हापासून आमच्याकडं असतात, विश्रामबागेत. तिसऱ्या मजल्यावर. आणि तिसऱ्या मजल्यावर आमचा मिक्सर कपाटाच्या टपावर असतो. चटणीपुरता आक्का तो स्टुलावर चढून खाली घेतात, वापरतात, पुसतात, परत वर. गव्हाचा डबा माळ्यावर, रेशनकार्डाची फाईल प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत. आम्ही पाहुण्यांना हसत सांगतो, "आमच्या आक्का फार टापटिपीच्या."

पोरीनं विचारलं, गेले दोन आठवडे बहुतेक दिवस, दिवसभर उदास वाटतं का? एरवी आवडायच्या त्या गोष्टींत मन लागत नाही, असं होतं का?

आक्कांच्या आधी दादा पेपरामागून बोलले, "तिला काय झालंय? मस्त घोरते."

आक्का हसल्या. "आमच्याकडं नाही बाई असलं काही."

झालं. असल्या मुलाखतीत सुरुवातीचे दोन प्रश्न उंबऱ्यासारखे असतात. दोन्हीला "नाही" आलं की त्या आजाराचे पुढचे प्रश्न विचारतच नाहीत, गाडी दुसऱ्या आजाराकडं वळते. त्या रांगेत झोपेचा नंबर होता, तो आलाच नाही. रात्री तीनला उठून, एप्रिलमध्येसुद्धा, "आयर्विनला किती फूट झालं गं?" विचारणारी बाई टॅबमध्ये ठणठणीत म्हणून गेली.

मला राग दादांचा आला, मग ग्रुपचा आला, मग त्या प्रश्नाचाच आला. "उदास" म्हणतं कोण आपल्याकडं? आक्का म्हणतात जीव वरखाली होतो, छातीत धाकधूक होते, हातापायांत मुंग्या येतात. ते घेऊन आम्ही मिरजेला तीन डॉक्टर केले. ईसीजी, टू-डी इको, एंडोस्कोपी. सगळं नॉर्मल. शेवटी गॅसेसवर आलं. फाईल जाड झाली, पण बाई, रात्री जागून काय बघता, हे एकानंही विचारलं नाही. (ती फाईलही माळ्यावरच आहे.)

बंगळुरूच्या निम्हान्सनं, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी संस्थेनं, २०१५-१६ ला देशात असंच घरोघर फिरून सर्वेक्षण केलं होतं. बारा राज्यं, ३४,८०२ प्रौढ माणसं. आपला महाराष्ट्र त्या बारांत नव्हताच. १०.६ टक्के मोठ्या माणसांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता, म्हणजे दहा माणसांत एक. आमच्या बिल्डिंगमध्ये चोवीस फ्लॅट आहेत, करा हिशोब. नैराश्य, चिंता असल्या नेहमीच्या आजारांत शंभरातल्या ८५ जणांना उपचारच मिळत नव्हते. आता कळलं का कुठं असतात ते ८५? स्टुलावर चढून मिक्सर ठेवत असतात.

होय, मला माहितीय, परक्या पोरीला टॅबवर घरातलं कोण सांगेल, लग्नाची पोरं आहेत घरात. आणि मोजून पुढं औषध देणारा डॉक्टर गावात पाहिजे की, हेही खरं. पण मग "आत्ता नको" म्हणा, पाणी द्या, वाटेला लावा. वेड्यांची शिरगणती कसली म्हणता?

एवढं तावातावानं लिहितेय आणि खरं सांगायचं तर आक्कांनंतर नंबर माझा होता. पूर्वी कधी त्रास, कधी औषधं? मी म्हणाले, नाही. लॉकडाऊनच्या वर्षी बाथरूममध्ये नळ सोडून रडायचे मी. पुढं सात महिने गोळ्या घेतल्या, त्याही पुण्याला जाऊन. मिरजेला रिक्षानं वीस मिनिटांत डॉक्टर मिळत असताना पुण्याला, कारण इथं कुणीतरी बघेल. हे आमच्या ह्यांना माहितीय आणि आता तुम्हाला. समोर दादा पेपर वाचत होते, कशी सांगू? म्हणजे सतरा हसरे चेहरे आणि मी, आम्ही सगळ्यांनी मिळून सांगलीची तब्येत उत्तम ठेवली.

पोरी निघाल्या तेव्हा जिन्यात गाठलं. म्हटलं, आक्कांना परत विचाराल का, एकट्या असताना, गच्चीवर खुर्ची टाकून देते? धाकटी बिचारी ओशाळली. "ताई, खरंतर एकेकट्यालाच विचारायचं असतं. पण लोक आतल्या खोलीत घेत नाहीत, उठून जात नाहीत. आणि त्यांचा फॉर्म गेला आता." मग पाणी मागितलं तिनं. सकाळपासून कुणी विचारलं नव्हतं म्हणे.

दुपारी ग्रुपवर मी १४४१६ टाकला. टेलिमानस, मनाच्या त्रासासाठीचा सरकारी नंबर, २०२२ पासून आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. एक चेहरा आला नाही, हसरा ना रडका. आक्कांना तो लावून द्यायचा माझ्या मनात आहे. दादा संध्याकाळी कट्ट्यावर जातात, तेव्हा. काय म्हणून लावून देऊ ते अजून सुचलेलं नाही. "उदास" तर म्हणायचं नाही. पुराचं विचारतात म्हणून सांगेन कदाचित.

हे लिहीपर्यंत आत मिक्सर फिरायचा थांबला. आता स्टूल सरकवलेलं ऐकू येतंय.