पीळ नाही दिसला, वाट दिसली

निपाणीच्या सरांना नमस्कार.

डीएनए आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक (प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनांनी पाहणारं यंत्र) यांवरच्या माझ्या लेखावर तुमची प्रतिक्रिया आली. तीनदा वाचली. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. सरांचं म्हणणं असं की, २०१२ सालच्या ज्या चित्राखाली मी ‘दुहेरी पिळाचा पहिला फोटो’ असं लिहिलं, तो एका रेणूचा फोटो नव्हेच. त्यात पिळाच्या एका फेऱ्याची उंची २.७ नॅनोमीटर भरते, पुस्तकात ३.४ आहे. जुन्या चित्रांत तर डीएनएवर धातूचा थर चढवलेला असतो, म्हणजे दिसतो तो धातू. रचना शोधली क्ष-किरणांनी, मग या यंत्राचं एवढं कौतुक कशाला? आणि शेवटची ओळ: “पीळ दाखवते म्हणून सुंभ दाखवलात.”

पहिल्या मुद्द्यावर तुमचं बरोबर आहे, माझं चुकलं. इटलीत एन्झो दि फाब्रिझिओ यांच्या गटाने टिपला तो जुडगा होता. मधे एक रेणू आणि त्याभोवती सहा, असा सात पदरी दोर. एकटा रेणू तेव्हा इलेक्ट्रॉनांच्या माऱ्यात टिकत नव्हता. चित्राखालची ओळ काल रात्रीच बदलली. ती वाचून कुणी वर्गात तसंच शिकवलं असेल, याचं मला वाईट वाटतं.

पण २.७ चा आकडा म्हणजे गफलत, हे पटत नाही. त्या लोकांनी सिलिकॉनच्या सूक्ष्म खांबांचा पृष्ठभाग केला होता, अळूच्या पानासारखा पाणी अंगाला लावून न घेणारा. त्यावर डीएनएचा थेंब पसरत नाही. तो आकसत सुकतो आणि जाताजाता दोन खांबांमध्ये तंतू ताणून ठेवतो. सूक्ष्मदर्शकाच्या आत निर्वात, म्हणजे पाणी गेलंच. पाणी गेलं की डीएनए आखडतो. एका फेऱ्यात दहाच्या जागी अकरा पायऱ्या, म्हणजे दोन धाग्यांना सांधणाऱ्या जोड्या, बसतात आणि तरीही फेऱ्याची उंची कमी होते. हवेतला ओलावा कमीजास्त करून हे दोन प्रकार वेगळे ओळखले ते रोझलिंड फ्रँकलिन यांनी. कोरडा तो ‘ए’, ओला तो ‘बी’. त्यांच्या मार्गदर्शनाखाली रेमंड गॉसलिंग यांनी मे १९५२ मध्ये घेतलेला प्रसिद्ध ५१ क्रमांकाचा क्ष-किरण फोटो ‘बी’चा. पुस्तकातला ३.४ तिथला. सुकवलेल्या तंतूत ३.४ भरला असता तर मलाच शंका आली असती.

आता धातूचं. इथे मात्र मी तुमच्याशी भांडणार आहे.

एमएस्सीनंतर मी दोन वर्षं एका प्रयोगशाळेत होते. तिथे क्लाइनश्मिट या शास्त्रज्ञांची डीएनए पाहण्याची १९५९ ची पद्धत स्वतःच्या हाताने केली आहे. पसरट भांड्यात काठोकाठ पाणी, त्यात तिरकी ठेवलेली स्वच्छ काच. घोड्याच्या हृदयातून काढलेलं सायटोक्रोम-सी हे प्रथिन आणि डीएनए यांचं मिश्रण काचेवरून हळूच ओघळू द्यायचं. पाण्यावर आधी चिमूटभर टाल्क पावडर भुरभुरलेली असते. प्रथिनाचा पापुद्रा पसरायला लागला की ती पावडर सरसर मागे सरकते, तेवढ्यावरूनच काम झाल्याचं कळतं. मग ३ मिलिमीटर व्यासाची तांब्याची जाळी चिमट्याने त्या पापुद्र्याला नुसती टेकवायची. पुढे अल्कोहोलमधल्या युरेनिल अॅसिटेट या युरेनियमच्या क्षारात बुडवून सुकवायची आणि निर्वातात गोल फिरवत, अगदी उतरत्या कोनातून, तिच्यावर प्लॅटिनमची वाफ सोडायची. डीएनए म्हणजे कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फॉस्फरस, हायड्रोजन. हलके अणू, इलेक्ट्रॉनांना फारसे विखुरत नाहीत. धातू चढवला नाही तर पडद्यावर जवळपास काहीच दिसत नाही.

प्रथिन आणि धातू चढून २ नॅनोमीटरचा धागा दहाच्या पुढे जाड होतो आणि पीळ त्याखाली बुजतो, हे खरं. पण धागा कुठून कुठे गेला ते बुजत नाही.

आमचं घर वडगावचं, घरात माग. कांड्या भरायला मी सातव्या वर्षी शिकले. प्रयोगशाळेत पीबीआर३२२ या प्लाझ्मिडचा, म्हणजे जिवाणूत राहणाऱ्या डीएनएच्या छोट्या गोल कड्याचा, पहिला चांगला प्रिंट हातात आला तेव्हा लांबी मोजायला वक्र रेषेवर पट्टी लागेना. घरून नेलेला सुताचा दोरा पाण्यात भिजवला, त्या वळणांवर बोटाने बसवत नेला आणि पट्टीवर सरळ केला. सव्वासात सेंटिमीटरांच्या जरासा वर. चित्र ५०,००० पट मोठं होतं, म्हणजे रेणू साधारण दीड मायक्रॉनचा. आता हिशेब करा. क्रम वाचून त्या प्लाझ्मिडच्या जोड्या ४३६१ ठरल्या आहेत, प्रत्येक जोडीमागे ०.३४ नॅनोमीटर. १.४८ मायक्रॉन. क्ष-किरणांनी दिलेलं अंतर, रसायनाने मोजलेल्या जोड्या आणि माझा ओला दोरा एका ठिकाणी येऊन थांबले. धातूच दिसत होता, सर. पण तो डीएनएच्या वाटेनेच गेला होता.

क्ष-किरण असंख्य रेणूंची सरासरी सांगतात, तीही ते एका ओळीत लागलेले असले तर. एखाद्याच रेणूत मधेच काही वेगळं असेल तर ते त्यांना कळत नाही. १९७७ मध्ये अडिनोव्हायरसचा संदेशवाहक आरएनए, म्हणजे जनुकाची नक्कल, त्याच्याच डीएनएशी जोडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर डीएनएचे फास बाहेर लोंबताना दिसले. आरएनएत त्या भागांना जोडीदारच नव्हता. जनुक सलग नसतं, मधले तुकडे गाळून संदेश जोडला जातो, हे त्या फासांवरून उलगडलं. हे पाहणारे दोन गट अमेरिकेतले: एमआयटीत फिलिप शार्प यांचा गट, कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेत रिचर्ड रॉबर्ट्स, लुईस चाऊ, थॉमस ब्रोकर आणि सहकारी. १९९३ चं नोबेल शार्प आणि रॉबर्ट्स या दोघांनाच मिळालं. चाऊ यांचे डोळे आणि हात त्या चित्रांमागे होते, हे नाव मी मुलांना मुद्दाम सांगते. या शोधात पिळाचा फोटो कुठेच नाही. आहेत ती धातू चढवलेली, तुमच्या भाषेत सुंभाची, चित्रं.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, “बेळगावच्या मराठी शाळेतल्या मुलांना हे मराठीत सांगून काय मिळणार, पुढे सगळं इंग्रजीत नाहीतर कन्नडात.” शिकू देत की. माझी मुलं तिन्ही भाषांत लिहितात. पण खानापूर तालुक्यातल्या एका शाळेत हे चित्र दाखवलं तेव्हा आठवीतल्या मुलीने विचारलं, “बाई, रंग चढवल्यावर जाड झालं, तर आतलं बारीक किती ते कसं कळलं?” तुमचाच प्रश्न, सर. तिला तो मराठीत पडला होता, म्हणून मी मराठीत उत्तर दिलं.

तो प्रिंट अजून माझ्याकडे आहे, कडा पिवळ्या पडल्यात पण रेषा स्वच्छ आहे. पुढच्या महिन्यात निपाणीला बहिणीकडे येणार आहे, तेव्हा घेऊन येते. दोराही आणते. या वेळी तो तुम्ही लावा.