टाचेतल्या रक्ताबद्दलचा तो मेसेज

बीड-परभणीकडच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. म्हणे जन्मजात आजारांच्या तपासणीसाठी दोन दिवसांच्या लेकराच्या टाचेतून रक्त काढलं की ते अशक्त होतं. आईचे रिपोर्ट नीट असतील तर लेकराचे कशाला. लेकरू चांगलं दिसत असेल तर सहा महिन्यांनी बघावं. आणि हा सगळा लॅबवाल्यांचा धंदा आहे. मी प्रसूती विभागात परिचारिका आहे. परवा एका आज्जीने हाच मेसेज दाखवून नातवाचा पाय माझ्या हातातून सोडवून घेतला. म्हणून लिहिते.

रक्ताचं आधी. टीपकागदासारख्या जाड कार्डावर चार-पाच गोल असतात, एका गोलाला एक मोठा थेंब. सगळं मिळून अर्धा मिलिलिटरही होत नाही. ३ किलोच्या लेकराच्या अंगात साधारण २५० मिलिलिटर रक्त असतं. टोचतो ते टाचेच्या कडेला, हाडापासून लांब. लेकरू रडतं, हे खरं. आईने त्या वेळी पदराखाली घेऊन पाजलं तर लवकर शांत होतं.

आईचे रिपोर्ट नीट असले तरी लेकराच्या गळ्यातली थायरॉईड ग्रंथी नीट बनलीच नाही, असं होऊ शकतं. काही आजार तर आई आणि बाप दोघेही धडधाकट असताना लेकरात उतरतात. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्नं अजून होतात, तिथे ही शक्यता वाढते.

‘सहा महिन्यांनी बघा’ हे वाक्य मात्र मला झोपू देत नाही. थायरॉईड कमी असलेल्या लेकराला पोटात असताना आईच्या थायरॉईडचं संप्रेरक (हार्मोन) मिळतं, म्हणून जन्मतः ते बहुधा छानच दिसतं. पुढे ते फार रडत नाही, झोपून राहतं, पिताना दमतं, कावीळ लवकर उतरत नाही. घरचे म्हणतात, किती गुणी बाळ! आणि त्याच आठवड्यांत मेंदूची वाढ मागे पडत असते. पहिल्या दोन आठवड्यांत थायरॉक्सिनची, म्हणजे त्याच संप्रेरकाची गोळी सुरू झाली, तर बहुतेक लेकरं इतरांसारखी शाळेत जातात. सहा महिन्यांनी तीच गोळी दिली तर गेलेलं सगळं परत येत नाही. हा आजार विरळाही नाही: आयसीएमआरने पाच शहरांत केलेल्या पाहणीत साधारण ११३० बाळांमागे एक निघालं. मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथीचा एक जन्मजात आजार तर याहून घाईचा. त्यात मुलगा दिसायला अगदी ठणठणीत असतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात उलट्या होऊन शरीरातलं मीठ-पाणी संपतं. जुलाब-उलटी समजून उपचार होतात आणि लेकरू हातचं जातं.

धंद्याबद्दल मेसेज थोडा खरा आहे. शंभर आजारांची महागडी पॅकेजेस गळ्यात मारली जातात. पण म्हणून तपासणीच नको म्हणू नका. वरचे दोन आजार आणि जी-६-पीडी (रक्तपेशींना जपणारं एक एन्झाइम), एवढ्याची तपासणी आधी मागा. जी-६-पीडी कमी असेल तर डांबरगोळ्यांत ठेवलेले जुने कपडे किंवा दुपटं लेकराला घालायचं नाही, रक्तपेशी फुटून कावीळ वाढते. ट्रंकेतली झबली काढणाऱ्या प्रत्येक आज्जीला हे माहीत हवं. किनवट-माहूर भागात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचंही विचारा.

चुका होतात त्या आमच्याकडून होतात आणि त्यांवर बोट ठेवायलाच हवं. नमुना ४८ ते ७२ तासांत घ्यायचा, म्हणजे पाचवी पुजायच्या आत. पहिल्याच दिवशी घेतला तर टीएसएच (थायरॉईडला चालना देणारं संप्रेरक) मुळातच चढलेलं असतं आणि उगाच धास्ती बसते. लवकर सुट्टी झाली तर जाण्याआधी घ्या आणि पुन्हा कधी यायचं ते विचारा. कार्ड सावलीत, आडवं ठेवून तीन-चार तास वाळवावं लागतं. मे महिन्यात ते गाडीच्या डिकीत पडून राहिलं तर नमुना बिघडतो. कार्ड २४ तासांत रवाना व्हावं. तसं झालं का, हे बिनधास्त विचारा.

आणि कार्डावर दोन मोबाइल नंबर द्या. एकदा रिपोर्ट आला तेव्हा घराला कुलूप होतं, कुटुंब ऊसतोडीला गेलेलं. शेवटी आशाताईंनी मुकादमाचा नंबर शोधून काढला. तेव्हापासून कारखान्याला जाणाऱ्या बाळंतिणीच्या कार्डावर मी मुकादमाचाही नंबर लिहून घेते.